दोष हाताचा, ब्लेड अस्सल

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी उस्तादांच्या दुकानात माझ्या हनुवटीतून रक्त आलं. प्रमाण : तीन थेंब. एवढ्या तपशिलात सांगतोय, कारण पुढे हीच घटना मला पाच वेगवेगळ्या अर्जांत याच शब्दांत लिहावी लागली. आता तिच्याविषयी दुसऱ्या शब्दांत विचारच करता येत नाही.

दाढी-कटिंगच्या प्रत्येक दुकानात नियमाप्रमाणे एक वही ठेवावी लागते. तिचं नाव 'रक्तस्राव नोंदवही'. गिऱ्हाइकाला जखम झाली की तारीख, जागा आणि थेंब लिहायचे, आणि शेवटच्या रकान्यात 'दोष : हाताचा' किंवा 'दोष : वस्तूचा' यांपैकी एक. बहुतेक दुकानदार ही वही कंगव्यांच्या खणात टाकून देतात आणि तपासनीस यायच्या आदल्या दिवशी तीत दोन-चार किरकोळ जखमा भरून ठेवतात, कारण अगदीच कोरी वही संशयास्पद दिसते. उस्तादांची वही मात्र आरशाशेजारी खिळ्याला टांगलेली असायची आणि ती खरोखरच कोरी होती. एकतीस वर्षं. त्याआधीची त्यांच्या वडिलांची वहीसुद्धा कोरी, आणि ती तर कापडात बांधून ठेवलेली.

वडील आता दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. दुकानाचं शटर खाली आलं की ते आतून विचारायचे, "वही?" उस्ताद म्हणायचे, "कोरी, बाबा." मग म्हातारा जेवायचा. उस्तादांना खरं नाव असणारच, पण एवढ्या वर्षांत आमच्यापैकी कुणी ते विचारलं नाही. हलक्या हाताच्या माणसाचं नाव कशाला विचारायचं, असं आम्हाला वाटत आलं.

दाढी सुरू करण्याआधी उस्ताद एक गोष्ट न चुकता करत. निळ्या डबीतून नवं ब्लेड काढायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायचं, आणि कागदासकट दोन बोटांत पकडून मधोमध मोडायचं. टक्. अर्धं ब्लेड वस्तऱ्यात, अर्धं पुढच्यासाठी. तो टक् आवाज आला की गिऱ्हाईक मान मागे टाकून डोळे मिटायचं. त्या मंगळवारी उस्तादांनी ब्लेड धरलं, दाबलं, आणि ते वाकलं. मोडलं नाही. त्यांनी दुसरं घेतलं, तेही वाकलं. तिसरं त्यांनी कात्रीने कापलं, पत्र्याचा डबा कापावा तसं. नको म्हणायला हवं होतं, पण मला ऑफिसला उशीर होत होता.

खरं तर ही डबी त्यांनी नाइलाजाने घेतली होती. बाजारातल्या ज्या ठोक दुकानदाराकडून ते वर्षानुवर्षं ब्लेड घेत, त्याने दुकान बंद केलं, कारण आम्ही सगळे मोबाइलवरून माल मागवायला लागलो होतो. उस्तादांनी तीन महिने तग धरला आणि मग त्यांनीही मागवली. डबी तीच, निळा रंग तोच, अक्षरंही तीच. किंमत निम्मी. शंका यायला तेवढं पुरेसं होतं, पण निम्म्या किमतीत शंकाही निम्मीच येते.

रक्त आल्यावर उस्तादांनी तुरटी फिरवली, कापसाचा बोळा लावला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, जाऊन बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, तीन तर थेंब आहेत," मी म्हणालो.

"थेंब मोजायचे नसतात, साहेब. आलं की आलं."

"मग नोंद करू नका. मी कुठे कुणाला सांगतोय?"

त्यांनी वही खिळ्यावरून काढली. तारीख लिहिली, जागा लिहिली, थेंब लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"हा मी कसा भरू? मी ब्लेडचा म्हणणार. जो तो ब्लेडचाच म्हणतो. कुणीतरी तपासून लिहून दिलं पाहिजे."

"नाही दिलं तर?"

"नव्वद दिवसांनी आपोआप हाताचा धरतात."

"आणि बाबांना काय सांगणार?"

"रकाना भरेपर्यंत कोरी आहे म्हणतो." त्यांनी वही मांडीवर मिटून ठेवली. "ब्लेडचा दोष निघाला तर ते समजून घेतील. हाताचा निघाला तर... हा हात त्यांनी घडवलाय, साहेब."

तिथेच मी मनाशी ठरवलं की या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं. मी विमा कंपनीत दावे नामंजूर करणाऱ्या विभागात बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे अन्याय कसा होतो हे मला आतून माहीत आहे. मी उस्तादांना म्हणालो, "तुम्ही निश्चिंत राहा. अर्ज माझ्याकडे लागले."

पहिला अर्ज ज्या ऑनलाइन बाजारातून माल आला त्यांच्याकडे केला. दुपारी दुकानात बसून फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर. वस्तू परत करायची आहे का?"

"वस्तू बनावट आहे," मी म्हणालो.

"डबी उघडली आहे का, सर?"

"उघडल्याशिवाय कळणार कसं?"

"उघडलेली डबी आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येत नाही, सर. न उघडलेली डबी बनावट आढळल्यास आम्ही ताबडतोब परत घेतो."

"अशा किती परत आल्या?"

"आजवर एकही नाही, सर. आमचा दर्जाच तसा आहे."

मी आवाज चढवला तेव्हा तिने 'विशेष बाब' म्हणून व्हिडिओ पाठवायला सांगितलं. ब्लेड दाढी करत नाही असा स्पष्ट दिसणारा व्हिडिओ. आता न होणाऱ्या गोष्टीचा व्हिडिओ कसा काढायचा, यावर आम्ही बराच खल केला. अखेर उस्तादांनी स्वतःच्या गालावर साबण लावला, वाकडं ब्लेड वस्तऱ्यात बसवलं आणि मी मोबाइल धरला. दाढी जागच्या जागी राहिली, गाल मात्र सोलला गेला. पुरावा भक्कम होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'व्हिडिओ पाहिला. त्यात रक्त दिसत आहे. अर्थात वस्तू कापते व कार्यरत आहे. तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. तसेच व्हिडिओतील हिंसक दृश्यांबद्दल आपल्याला पहिली ताकीद देण्यात येत आहे.'

"एवढ्यावर सोडून देऊ," उस्ताद गालाला तुरटी लावत म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण नको."

"छे, आता तर सोडायचंच नाही," मी म्हणालो. गाल माझा नव्हता, त्यामुळे मला जोर आला होता.

दुसरा अर्ज सरकारी. अशा कामासाठी एक कक्ष आहे : 'धारदार ग्राहकोपयोगी वस्तू पडताळणी कक्ष'. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजवीकडे, झेरॉक्सवाल्याच्या पलीकडे. आत तीन टेबलं, एक काचेचं कपाट आणि खिडकीशी एक उंच पाठीची खुर्ची. खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या एका गालावर वाढलेली दाढी होती आणि दुसऱ्या गालावर कापसाचे सात बोळे. मला वाटलं, आमच्यासारखेच तक्रारदार असतील.

"ते आमचे प्रमाणित दाढीधारक, वर्ग तीन," पडताळणी अधिकाऱ्यांनी ओळख करून दिली. अधिकारी स्वभावाने अत्यंत सौम्य. त्यांना पाण्याचा ग्लास मागितला असता तरी त्यांनी पोच दिली असती. "सहा दिवसांची दाढी सदैव उपलब्ध ठेवणं हे त्यांचं काम. डावा आणि उजवा गाल आळीपाळीने. रजेवर जाताना दाढी सोबत न्यावी की नाही, याबद्दल आम्ही वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलंय, म्हणून गेली सात वर्षं ते रजेवर गेलेले नाहीत."

दाढीधारकांनी आम्हाला मान लववून नमस्कार केला. बोळे पडू नयेत म्हणून जरा सावकाशच.

पद्धत सोपी होती. तक्रारीतलं ब्लेड म्हणजे 'नमुना अ'. कपाटात कुलपात ठेवलेलं ब्लेड म्हणजे 'प्रमाण नमुना'. दोन्ही दाढीधारकांवर चालवायची. साम्य आढळलं तर तक्रारीतला माल अस्सल, तफावत आढळली तर बनावट. उस्तादांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. अस्सल ब्लेडशेजारी हे वाकडं पातं ठेवलं की आंधळ्यालाही फरक कळेल, असं ते मला जिन्यात म्हणाले होते.

अधिकाऱ्यांनी 'नमुना अ' हातात घेऊन दाबला. वाकला. 'प्रमाण नमुना' दाबला. तोही वाकला. मग दाढीधारकांनी ओठ घट्ट मिटले आणि खुर्चीचे हात पकडले. 'नमुना अ' : चार थेंब. 'प्रमाण नमुना' : चार थेंब.

"संपूर्ण साम्य," अधिकारी लिहिता लिहिता म्हणाले. "अभिनंदन. तुमची ब्लेड अस्सल आहेत."

उस्तादांनी हळूच विचारलं, "साहेब, हा कपाटातला नमुना आणला कुठून?"

"नियमानुसार. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याच्याकडून." त्यांनी फाइल उघडून पावती दाखवली. तोच ऑनलाइन बाजार, तोच विक्रेता, तीच निम्मी किंमत.

"मग हाही बनावटच झाला की."

अधिकारी रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं कसं होईल? तो प्रमाण नमुना आहे. बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं असतं. तो बनावट ठरवायचा तर कशाशी ताडणार?"

खरं तर तिथेच उठायला हवं होतं. पण बावीस वर्षं दावे नामंजूर केलेल्या माणसाच्या डोक्यात कल्पना शिरली की ती बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, "आणि आम्ही खरंखुरं अस्सल ब्लेड आणून दिलं तर?"

"जरूर आणा. तो 'नमुना ब' होईल."

दुकानात आल्यावर उस्ताद म्हणाले, "जुन्या ठोक दुकानातली एकच डबी उरलीय. ती बाबांची आहे." दर रविवारी सकाळी ते वडिलांची दाढी करत. म्हाताऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली, साधं नख लागलं तरी फाटेल अशी. ती शेवटची दहा ब्लेड त्यांनी त्या एका कामासाठी राखून ठेवली होती.

"दोनच देऊ या," मी म्हणालो.

"दोन दिली तर हरकत नाही," ते म्हणाले.

कक्षात गेल्यावर कळलं की सुटे नमुने स्वीकारत नाहीत. पूर्ण डबी लागते. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी डबी टेबलावर ठेवली.

'नमुना ब' अधिकाऱ्यांनी दोन बोटांत धरून दाबला. टक्. दोन तुकडे. उस्तादांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'हाताळताना तुटला. टिकाऊपणा : नाही.'

मग दाढी. उस्तादांनी विनंती केली की ही एवढी मला करू द्या. नियमात मनाई नव्हती. दाढीधारकांनी सवयीने खुर्चीचे हात घट्ट धरले. उस्तादांनी डाव्या हाताने त्यांचा गाल ताणला, वस्तरा ठेवला, आणि दोन मिनिटांत ते बाजूला झाले. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"काय जाणवलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

दाढीधारकांनी डोळे उघडले. "काहीच नाही, साहेब. झाली का?" त्यांनी गालावरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. "सात वर्षांत, साहेब, पहिल्यांदाच..."

"भावनांना रकाना नाही," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, 'परिणाम जाणवत नाही. रक्तस्राव : शून्य. प्रमाण नमुन्याशी पूर्ण तफावत. निष्कर्ष : बनावट.'

उरलेली नऊ ब्लेड जप्त झाली. वर उस्तादांना नोटीस मिळाली की तुमच्याकडे बनावट ब्लेड आढळली असून ती आपण जवळच्या नातेवाइकावर वापरत होतात, सबब खुलासा करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. इथे संन्याशानेच दोर नेऊन दिला होता, आणि कुठल्या दुकानात मिळतो तो पत्ता मी दिला होता.

त्या रविवारी वडिलांची दाढी उस्तादांना अस्सल ठरलेल्या ब्लेडने करावी लागली. मी तिथे होतो. खुलासा लिहायला गेलो होतो. दोन ठिकाणी कापलं. म्हातारा हूं की चूं न करता पडून राहिला. उस्तादांनी टॉवेलने तोंड टिपलं तेव्हा तो म्हणाला, "ब्लेड बदललंस."

"हो, बाबा."

"हात तोच आहे."

मग उस्तादांनी त्यांना सगळं सांगितलं. मंगळवारपासून सगळं. वही कोरी नाही हेही. सांगताना ते खाली पाहत होते, पन्नाशीचा माणूस शाळेत उभा केल्यासारखा. वडिलांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"रकान्यात काय लिहिलंय?"

"अजून काही नाही. दोष कुणाचा, त्याची कक्षात सुनावणी आहे."

"मी देतो साक्ष. मला उचलून न्या. या हाताखाली मी नऊ वर्षं अंथरुणात दाढी करवून घेतोय. मला नाही कळणार तर कुणाला?"

मला भरून आलं. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला आणि तो चोवीस तासांत फेटाळला गेला. साक्षीदार 'पडताळलेला खरेदीदार' असावा लागतो. म्हाताऱ्याने आयुष्यात मोबाइलवरून काही विकत घेतलं नव्हतं, त्यामुळे ब्लेडविषयी मत असण्याचा अधिकार त्याला नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "रकान्यात जे लिहितील ते मला येऊन वाचून दाखव. खोटं सांगू नकोस."

पडताळलेले खरेदीदार पाच लागत होते. ते शोधणं मला मुळीच जड गेलं नाही, कारण एव्हाना अख्खी वस्ती तोंडाला कापूस लावून फिरत होती. बँकेतले कॅशियर, गाडी शिकवणारे सर, कपडे शिवणारे मास्तर आणि रक्त तपासणाऱ्या लॅबमधले गृहस्थ. लॅबवाल्यांना तर हल्ली बोटाला सुई टोचायची गरजच पडत नाही, असं ते स्वतःच म्हणाले. सगळ्यांनी घरी तीच निळी डबी मागवली होती, आणि सगळेच ब्लेडला नावं ठेवत होते. पाचवा मी. सगळे म्हणाले, उस्तादांसाठी काय वाटेल ते करू.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पाच जण रांगेत बसलो. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पुराव्यांची रेलचेल. उस्ताद धुतलेला शर्ट घालून, वही मांडीवर घेऊन समोर बसले होते. अधिकाऱ्यांनी आधी कॅशियरना बोलावलं.

"ब्लेडविषयी आपलं मत?"

"भिकार," कॅशियर म्हणाले. "कापत नाही, ओरबाडतं."

अधिकाऱ्यांनी टेबलावरचा स्क्रीन फिरवला. "चौदा तारखेला आपण या ब्लेडला पाच तारे दिलेत. 'अप्रतिम. पुन्हा नक्की घेणार.' हा अभिप्राय आपलाच ना?"

कॅशियर स्क्रीनकडे पाहत राहिले. "ते... पाच तारे दिले की पुढच्या खरेदीवर सूट मिळते. डबी उघडायच्या आधीच दिले होते."

"म्हणजे अभिप्राय खोटा. खोट्या अभिप्रायाला दंड आहे."

"भरतो," कॅशियर बाणेदारपणे म्हणाले.

"आणि आपलं खरेदीचं खातं कायमचं बंद होईल."

दंड माणूस भरू शकतो. पण यापुढे प्रत्येक बारीकसारीक वस्तूसाठी चपला घालून, जिना उतरून, दुकानात जाऊन, दुकानदाराच्या डोळ्यांत डोळे घालून भाव विचारायचा, ही कल्पना आमच्यापैकी कुणालाच पेलणारी नव्हती. कॅशियरनी गालावरचा कापूस काढून खिशात घातला.

"ब्लेड उत्तम आहे," ते म्हणाले.

"मग हे गालावर?"

"मांजर."

गाडी शिकवणाऱ्या सरांनी चार तारे दिले होते. डबी उशिरा पोचली म्हणून एक कापला होता. त्यांनाही मांजरच निघालं. मास्तरांना गुलाबाचं झुडूप लागलं होतं. लॅबवाले म्हणाले की आपलं रक्त मुळातच उतावळं आहे. चौघांपैकी एकानेही उस्तादांकडे पाहिलं नाही.

मग मी उभा राहिलो. मी तक्रारीचा लेखक, पहिल्या तीन थेंबांचा मालक. माझं भाषण तयार होतं, त्यात 'न्याय' हा शब्द सात वेळा होता. अधिकाऱ्यांनी मला थांबवलं आणि स्क्रीन फिरवला.

मंगळवारी रक्त आलं होतं. शुक्रवारची माझी खरेदी समोर होती. निळी डबी, दोन नग. खाली माझा अभिप्राय : 'लोण्यासारखी दाढी होते. घरातल्या सगळ्यांना आवडलं.' सोबत डबीचा फोटो, आमच्या बेसिनच्या कडेवर ठेवून काढलेला.

"घरात कोण कोण दाढी करतं?"

"मी एकटाच," मी म्हणालो.

मी ती अभ्यासासाठी घेतली होती, असं सांगायचं माझ्या मनात होतं. खरं सांगायचं तर त्या मंगळवारनंतर उस्तादांच्या खुर्चीत मान मागे टाकायची मला भीती वाटायला लागली होती, आणि घरी करायची तर मग स्वस्तातली बरी, एवढाच माझा अभ्यास. त्या क्षणी माझ्या खात्यात आणखी अकरा वस्तू निवडून ठेवलेल्या होत्या. त्यात बायकोने तीन आठवडे पाहून पसंत केलेली गादी होती, आणि तिच्यावरची सवलत त्याच दिवशी मध्यरात्री संपणार होती.

"तर मग दोष ब्लेडचा?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हाताचा असावा," मी म्हणालो.

"'असावा' लिहिता येत नाही."

"हाताचा आहे."

बोलताना जबडा जास्त हलला असेल. सकाळी घरी केलेल्या दाढीची जखम उघडली आणि माझ्या कॉलरवर थेंब पडायला लागले. उस्ताद उठले. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील, आणि बोलायलाच हवं होतं. त्यांनी खिशातून तुरटीचा खडा काढला, माझ्या हनुवटीखाली बोट लावलं आणि म्हणाले, "हलू नका, साहेब." रक्त थांबलं. मला काहीसुद्धा जाणवलं नाही.

मग त्यांनी वही अधिकाऱ्यांसमोर ठेवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"जरा मोठ्या अक्षरात लिहा," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला दाखवायचंय."

निकालाप्रमाणे उस्तादांना हात सुधारण्यासाठी चौदा भागांचं व्हिडिओ प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते त्याच ऑनलाइन बाजारात मिळतं आणि सोबत निळी डबी भेट येते. वडिलांना त्यांनी रकाना वाचून दाखवला, हे मला लॅबवाल्यांकडून कळलं. म्हाताऱ्याने तेव्हापासून दाढी करवून घेतलेली नाही, असंही ते म्हणाले. मी स्वतः त्या बाजूने जात नाही. गादी चांगली निघाली, थोडी वाकते.

माझ्या त्या अभिप्रायाखाली 'हा अभिप्राय उपयुक्त वाटला' असं कळवणाऱ्यांची संख्या दिसते. सुनावणीच्या दिवशी ती चारशे होती. आज सकाळी सहाशे चौदा. नावं दिसत नाहीत, फक्त आकडा दिसतो, त्यामुळे मी कुणावर बोट ठेवू शकत नाही. तुम्हाला माझा राग आला असेल आणि उस्तादांबद्दल हळहळ वाटली असेल, तर ती त्यांच्यापर्यंत पोचवायची सोय आहे. येत्या सोमवारी फेरसुनावणी आहे आणि पाच पडताळलेले खरेदीदार हवे आहेत. वेळ सकाळी अकरा, तिसरा मजला. येण्याआधी फक्त आपलं खातं उघडून, आजवर कशाकशाला तारे दिलेत ते एकदा बघून घ्या. मी जागा धरून ठेवणार नाही.